ढगातलं बेट

त्या घरात मला पहिली भीती वाटली ती खोकल्याची. डोंगरमाथ्यावरच्या त्या सड्यावर धुकं उतरलं की अंगणात उभं असलेलं माणूस ओट्यावरून दिसायचं नाही. त्यामुळं जो तो येता-जाता खोकायचा. आक्काचे सासरे आबा गोठ्याकडून घराकडं यायला निघाले की वाटेतच खाकरायला लागायचे, आक्का पाणी घेऊन आली की दारापाशी घसा साफ करायची. मी जनावर नाही, माणूस आहे, एवढाच त्या खोकल्याचा अर्थ. पण मला हे कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्याच संध्याकाळी मी चुलीपुढं बसले होते आणि पांढऱ्याफटक दारातून नुसता खोकला आत आला, मागं माणूस नाही. मी किंचाळले. आबा हसत आत आले, घोंगडं झटकलं आणि म्हणाले, "पोरी, सवय हुईल." मला त्या शब्दाचीसुद्धा भीती वाटली.

मी कवठे महांकाळच्या बाजूची. आमच्याकडं माळावर उभं राहिलं की पार क्षितिजापर्यंत आडवं काही नाही. कुणाच्या घरी पाहुणा येतोय हे तो पोचायच्या कितीतरी आधी सगळ्या वस्तीला कळायचं. पाऊस आला तर आला, नाहीतर आभाळ नुसतं गडगडून पुढं जायचं. आमची मेंढरं. दिवाळी झाली की अण्णा, म्हणजे माझे वडील, कळप घेऊन डोंगर ओलांडून कोकणाकडं उतरायचे. त्या वाटेवर साताऱ्याच्या पश्चिमेला एका सड्यावर त्यांचा दरसालचा मुक्काम असे, आबांच्या रानात. तिथल्या ओळखीची पुढं सोयरीक झाली. आबांचा मुलगा फौजेत लागला आणि माझी थोरली बहीण, ताराक्का, त्या घरात गेली. आमच्या भावकीत पुष्कळांनी नाकं मुरडली. "पोरगी ढगात दिली," असं म्हणायचे. मला तेव्हा ते ऐकायला छान वाटायचं.

मी दहावी झाले त्या उन्हाळ्यात आक्काची सासू गेली. दाजी सरहद्दीवर, घरात आबा आणि आक्का दोघंच, आणि दारात म्हशी. अण्णा मला म्हणाले, "यमे, एवढा पावसाळा आक्कापाशी काढून ये. पुढचं शाळंचं मग बघू." त्यांनी मला सोडलं आणि त्याच दिवशी परत फिरले.

सडा म्हणजे डोंगराचा सपाट माथा. वर सगळा काळा-तांबडा जांभ्याचा खडक, त्यावर कुठं वीतभर माती, कुठं तीही नाही. चारी बाजूंना कडा. उन्हाळ्यात तो तव्यासारखा तापतो आणि पावसाळ्यात चार महिने ढगात बुडालेला असतो. मी तिथं पोचले ती बुडायची वेळ होती. घराला कारवीच्या कुडाच्या भिंती, बाहेरून गवताचे पेंढे बांधलेले, आणि आत एका अंगाला माणसं, दुसऱ्या अंगाला दुभत्या म्हशी; बाकीच्या अंगणापलीकडच्या गोठ्यात. मधे दांडीवर वाळत टाकलेली लुगडी, जी कधीच वाळायची नाहीत. त्यांना धुराचा वास यायचा, आणि थोड्या दिवसांनी तो आपल्या अंगालाही यायला लागायचा. पाऊस छपरावर पडत नव्हता, तो आडवा येऊन कुडावर आपटत होता. वारा दाराला धक्के द्यायचा तेव्हा मला दर वेळी वाटायचं की कुणीतरी खांद्यानं दार लोटतंय. "गवा आसंल का?" मी विचारायची. आक्का भाकरी थापता थापता म्हणायची, "आसंल." बस्स, तेवढंच.

नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं, रानातली भारंगीची भाजी, आणि आबांनी ओढ्यातून खेकडे आणले तर त्यांचा झणझणीत रस्सा. पोटभर मिळत होतं, पण माझा घास फिरत असे. मला शाळूची पांढरी भाकरी हवी होती, हुलग्याचं गरम पातळ माडगं हवं होतं. आक्काला एकदा म्हटलं, "तुला आठवण येत न्हाई व्हय गं माडग्याची?" तिनं जरा आठवून बघितलं. खरंच आठवून बघितलं, आणि म्हणाली, "चव इसरली मी."

ही माझी दुसरी भीती, आणि पहिलीपेक्षा मोठी. आक्का बदलली होती. माझी आक्का म्हणजे वस्तीवरची सगळ्यात बडबडी पोरगी. एका कळपावरून दुसऱ्या कळपावर आवाज टाकणारी. ही बाई हळू बोलायची, कमी बोलायची, बोलताना मधेच थांबून बाहेरचा कानोसा घ्यायची. तिचे कितीतरी शब्द वेगळे झाले होते. मी एखादी आमच्याकडची म्हण टाकली तर ती हसायची, पण उशिरा. तिचे पाय त्या ओल्या खडकावर न बघता पडायचे आणि माझे बघूनही घसरायचे. मी रात्री तिच्या पाठीला चिकटून झोपायची आणि मनात म्हणायची, हिला काहीतरी झालंय, आणि इथं राहिले तर मलाही होणार.

श्रावणाच्या सुरुवातीला बाई आल्या. सांगलीकडच्या एका कॉलेजात त्या वनस्पतिशास्त्र शिकवत. चाळिशीच्या असाव्यात, सडपातळ, जाड भिंगाचा चष्मा, आणि तो पुसायला साडीच्या पदराचा कोरडा कोपरा शोधत असायच्या. सड्यावरच्या झाडाझुडपांचा अभ्यास करायला आधीही एका पावसाळ्यात त्या आबांच्या घरी उतरल्या होत्या. आबांनी मला सांगितलं, "बाईमाणूस एकली सड्यावर फिरनं बरं न्हाई. तू जात जा संगं." मला घरात बसायची भीती आणि बाहेर जायचीही भीती. पण बाई बोलायच्या खूप, आणि मला माणसाच्या आवाजाची भूक लागली होती, म्हणून मी जायला लागले.

धुकं थोडं उचललं की सड्यावर केवढा पसारा दिसायचा! उथळ डबक्यात इंग्रजी वाय अक्षरासारखे गुलाबी-पांढरे तुरे उभे, खडकाला चिकटलेली किडेखाऊ झाडं, जेमतेम नखाएवढी. बाई पोटावर पडून बघायच्या आणि मलाही पाडायच्या. एका उघाडीच्या वेळी त्यांनी मला समोर बोट दाखवलं. दरीपलीकडं दुसरा सडा दिसत होता, आमच्यासारखाच सपाट, आमच्यासारखाच ढगाची टोपी घातलेला.

"यमुना, हे बघ. समुद्रात बेटं असतात ना, तशी ही बेटं आहेत. पाण्याऐवजी मधे दरी आहे, एवढंच. इथली थंडी, हा वारा, हा कातळ, हे खाली नाही. इथलं झाड खाली उतरलं तर जगत नाही. आणि पलीकडच्या सड्यावर जायचं तर मधली दरी कशी ओलांडणार? मग ते इथंच राहतं. एकटं. हजारो वर्षं. आणि एकटं राहता राहता हळूहळू वेगळंच होऊन जातं. इतकं वेगळं, की मूळच्या भाऊबंदांशी त्याचं जुळत नाही."

"मग परत खाली न्हेऊन लावलं तर?"

"मरेल."

त्यांनी ते सहज सांगितलं. मला मात्र आक्का दिसली, माडग्याची चव आठवायचा प्रयत्न करणारी. आज मी सांगलीत तिसऱ्या मजल्यावर पंख्याखाली बसून हे लिहितेय तेव्हा मला त्या पोरीचं हसू येतं. हजारो वर्षं हा शब्द तिनं ऐकलाच नव्हता, फक्त 'एकटं' आणि 'मरेल' एवढं ऐकलं होतं. पण भीती ही अशीच ऐकते, निवडून.

बाई ज्याच्यासाठी खरं म्हणजे आल्या होत्या ते एक खरचुडीच्या जातीचं झाड होतं. कंदिलाच्या आकाराचं लहानसं फूल येणारं. बाईंच्या मते त्याचा एक प्रकार फक्त याच सड्याच्या कड्यावर होता, जगात दुसरीकडं कुठंच नाही. आबा म्हणायचे, "आवं बाई, त्याचा कांदा आमी पोरपनी उकरून खाल्लाय. ग्वाड लागतोय." बाई कपाळाला हात लावायच्या. "आबा, आता तरी खाऊ नका!" "आता दातच न्हाईत," आबा म्हणायचे.

तो दिवस सकाळपासून बरा होता. पाऊस थांबलेला, पलीकडच्या सड्यावर उन्हाचा पट्टा. आक्कानं भाकरी आणि लसणाची चटणी फडक्यात बांधून दिली आणि आबांचं घोंगडं माझ्या डोक्यावर टाकलं. "दुपार कलायच्या आत या," ती म्हणाली, "आन कड्याला जाऊ नगा." बाई हो म्हणाल्या. मीही म्हणाले.

दुपारी बाईंना कड्याच्या जरा खाली, एका फटीत, ते फूल दिसलं. मलाही दाखवलं. हिरवट पांढरं, करंगळीएवढं. तिथं जायला कड्यातच एक पायरीसारखा कातळ होता. मी म्हटलं, "बाई, नगा." त्या म्हणाल्या, "इथं बसूनच उतरायचं आहे. तू माझी पिशवी धर." त्या बसून उतरल्या, फुलापाशी पोचल्या, वाकल्या, आणि त्यांच्या तोंडून एक आनंदाचा आवाज निघाला. लगेच दुसरा आवाज आला. शेवाळावरून चप्पल सरकल्याचा. मग काही नाही.

मी पोटावर पडून खाली डोकावले. त्या आणखी खाली, एका अरुंद कपारीवर पडल्या होत्या. चष्मा गेला होता. उजवा पाय घोट्यापासून भलत्याच बाजूला वळला होता. त्यांच्या पुढं हातभर कातळ, आणि त्याच्या पुढं नुसतं पांढरं. त्या पांढऱ्यातून खूप खालून पाणी पडत असल्याचा आवाज येत होता. मी बघत असतानाच ते पांढरं वर चढायला लागलं. दरीतलं धुकं कड्यावर आलं, माझ्या हनुवटीला लागलं, आणि बाई दिसेनाशा झाल्या.

"यमुना, आहेस ना?"

"हाय."

"पाय मोडलाय. तू घरी जा. आबांना घेऊन ये."

मी उठले आणि घराच्या दिशेनं चालायला लागले. म्हणजे मला वाटलं ती घराची दिशा. कातळावर पावलं उमटत नाहीत, वाट पडत नाही. डबकं लागलं, ते ओळखीचं वाटलं. पुढं तसंच दुसरं लागलं. माझेच हात मला दिसत नव्हते. उजवीकडं काहीतरी जड फुसफुसलं, नाकातून श्वास सोडावा तसं. गवा असेल, म्हैस असेल, नुसता वाराही असेल. मी पळाले. पळता पळता पायानं एक दगड उडाला आणि मी कशानं कोण जाणे जागीच थांबले. दगड पडल्याचा आवाज आला नाही. मी वाट बघत उभी राहिले, आवाज आलाच नाही. मी कड्यावर उभी होते. कुठल्या कड्यावर, माहीत नव्हतं.

तेव्हा मी गुडघ्यांवर बसले आणि रांगायला लागले. लहान पोरासारखी, हातानं पुढचा कातळ चाचपून मग गुडघा टाकायचा. मोठ्यानं रडत होते. ते रडणंच बाईंनी ऐकलं. "यमुना! इकडे! मी बोलत राहते, तू आवाजाकडे ये!" आणि त्या बोलत राहिल्या. झाडांची नावं घेत होत्या, एकामागून एक, वर्गात पाठ घ्यावा तशी. मी त्या नावांमागून रांगत आले. माझे तळवे फाटले होते, गुडघ्यातून रक्त येत होतं आणि त्यावर जळवा चिकटल्या होत्या. कड्यापाशी येऊन मी पालथी पडले. घर सापडलं नव्हतं. मी जिथून निघाले तिथंच आले होते.

बाईंचा आवाज बदलत चालला होता. शब्द अडखळत होते, दात वाजत होते. मग त्या थांबल्या. मी हाक मारली. उशिरानं आलं, "झोप येतीये गं." आमच्याकडं पावसात भिजलेलं कोकरू असं गप्प झालं की अण्णा त्याला छातीशी धरून घोंगड्यात गुंडाळून बसायचे. गप्प झालं म्हणजे चाललं. मला खाली उतरायचं नव्हतं. हे मी आज स्वच्छ लिहिते, शूरपणाचा एक कणही माझ्यात नव्हता. पण वर एकटीनं पडून त्या खाली एकट्या संपताना ऐकत राहायचं, याची मला त्याहून जास्त भीती वाटली. मी दरीकडं पाठ केली, घोंगडं गळ्याला बांधलं आणि पाय खाली सोडले.

पायाला कातळ लागेपर्यंतचा तो वेळ अजून कधीकधी माझ्या झोपेत येतो. नवरा होता तोवर तो मला हलवून जागं करायचा.

कपारीवर दोन माणसांना जेमतेम जागा होती. मी बाईंना मागं कातळाकडं ओढलं, त्या ओरडल्या, पण ओरडल्या म्हणून मला बरं वाटलं. दोघींवर घोंगडं घेतलं आणि त्यांना छातीशी धरलं. कॉलेजात शिकवणारी बाई माझ्या गळ्याशी लहान पोरीसारखी थरथरत होती. त्यांना झोपू द्यायचं नव्हतं, म्हणून मी बोलत राहिले. आणि मग इतक्या दिवसांचं पोटातलं बाहेर आलं.

"बाई, इथं लय दिस ऱ्हायलं तर मानूस बी येगळं हुतंय का? त्या फुलावानी?"

त्या बराच वेळ गप्प होत्या. मला वाटलं, गेल्या. मग म्हणाल्या, "माणसाला पाय असतात गं, वेडे. फुलाला नसतात." थोडं थांबून, दात वाजत असतानाच, "माझा आज एक कमी आहे." आणि आम्ही दोघी त्या कपारीवर हसलो. हसताना मला रडू आलं, पण हसलो.

उजेड कमी व्हायला लागला तेव्हा वरून एक आवाज आला. आधी मला तो भास वाटला, कारण तो सड्यावरचा आवाज नव्हताच. तो आमच्या माळावरचा होता. कळप पांगला की अण्णा जिभेनं टाळू दाबून एक लांब हाळी घालतात, शेवटाला वर चढणारी, ती एका माळावरून दुसऱ्या माळावर ऐकू जाते. आमच्या घरात पोरींमध्ये ती हाळी एकट्या आक्कालाच यायची. मी कपारीवरून उलट हाळी द्यायला गेले, पण मला ती कधी जमलीच नव्हती. मी नुसती ओरडले, "आक्काऽऽ!"

"यमेऽऽ! बोलत ऱ्हा! गप बसू नगंस!"

ती आली ती कमरेला दोर बांधून. दोराचं दुसरं टोक मागं आबांच्या हातात, आणि आबा घराकडून येताना जागोजागी दगडांचे ढीग रचत आलेले. त्यांनी आधी मला वर घेतलं. मग आबांनी घोंगड्याची झोळी केली, आक्का माझ्या जागी खाली उतरली आणि बाईंना त्या दोघांनी कसं वर काढलं ते मला नीट सांगता येत नाही. मी त्या वेळी एका दगडाला मिठी मारून बसले होते. सगळं झाल्यावर आक्का माझ्यापाशी आली, आणि ती मला बोलायला लागली. केवढं बोलली! कड्याला जाऊ नगा म्हणलं हुतं का न्हाई, तुझ्या डोक्यात काय मेंढराचं लेंडूक हाय का, अण्णाला काय तोंड दाखवलं आसतं मी, मुडदा बशिवला तुझा. सगळ्या आमच्या वस्तीवरच्या शिव्या, आमच्याच हेलात, धाप लागेपर्यंत. एकही शब्द ती विसरलेली नव्हती. मी तिच्या तोंडाकडं बघत ऐकत राहिले. बोलून संपल्यावर तिनं माझे फाटलेले तळवे पदरात धरले आणि घरापर्यंत सोडले नाहीत.

बाईंना दुसऱ्या दिवशी आजूबाजूच्या वाड्यांतल्या लोकांनी डोलीतून खाली नेलं. तिथून त्या साताऱ्याला. पाय जुळला, पण चाल लंगडी राहिली, आणि पुढं त्यांनी सड्यावर चढणं सोडलं. ते फूल त्यांना मिळालं नाही. हातात आलं होतं, पडताना सुटलं. आता त्या बाजूला पवनचक्क्या फिरतात, हंगामात गाड्यांच्या रांगा लागतात, माझी नात फोनवर मला सड्याचे फोटो दाखवते आणि म्हणते, "आज्जी, कसलं भारी गं, स्वर्गच!" मी हो म्हणते. फोटोत धुकं नसतं.

निरोप कसा कुणास ठाऊक पण अण्णांपर्यंत पोचला आणि ते आले. धुक्यातून आले, आणि त्यांना खोकायचं माहीत नव्हतं, त्यामुळं एकदम दारातच उगवले. आक्कानं त्यांना पाणी दिलं. त्यांनी माझे गुडघे बघितले, तळवे बघितले, आबांशी दोन शब्द बोलले आणि मला म्हणाले, "चल. कापडं भर."

इतके दिवस हेच ऐकायला मी तळमळत होते. मी आक्काकडं बघितलं. ती चुलीत फुंकर घालत होती, वर बघत नव्हती. ती राहा म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. दाजींना सुट्टी मिळायला अजून पुष्कळ अवकाश होता.

"आक्का, तू येतीस का चार दिस?" मी विचारलं.

"म्हशी कोन बघंल? आन मला तिकडचं ऊन आता सोसत न्हाई गं."

ती हे रडत म्हणत नव्हती, नुसतं सांगत होती. मी अण्णांना म्हटलं, "मी दसऱ्यापतोर ऱ्हाते."

अण्णांनी विचारलं, "भ्या न्हाई का वाटत?"

"वाटतंय की. लय वाटतंय."

"मग?"

"वाटू दे."

ते जेवले, निघाले. मी त्यांना अंगणाच्या कडेपर्यंत सोडायला गेले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, वळले, आणि चार पावलांवर धुक्यानं त्यांना मिटवून टाकलं. थोडा वेळ त्यांच्या जाड पायताणाची करकर ऐकू येत होती. ती थांबली तरी मी उभीच राहिले. पलीकडं गोठ्याच्या अंगाला काहीतरी हललं.

"यमे," आक्का आतून ओरडली, "धुकं घरात येतंय, दार लाव."

मी आत गेले आणि दार लावून घेतलं.